दोनशे किलो पाणी

त्या उड्डाणाची फाइल बंद होऊन आता पाच महिने झाले. तिच्यात माझ्या नावावर एकही ताशेरा नाही, उलट एकही प्रवासी मागे न ठेवता विमान वेळेवर सोडल्याबद्दल शाबासकीचा एक मेल आहे. तरीही तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही.

मी विमान कंपनीत डिस्पॅचर आहे. मार्ग, वारा, इंधन आणि वजन यांचा मेळ घालून उड्डाणाचा आराखडा करायचा, त्यावर कॅप्टनच्या बरोबरीने सही करायची आणि विमान उतरेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवायची, एवढे आमचे काम. बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते की सोळा तासांहून लांबच्या उड्डाणात सर्वांत जड प्रवासी म्हणजे इंधन. आमचे विमान जास्तीत जास्त २५४ टन वजन घेऊन उडू शकते. त्यातले सुमारे १३० टन म्हणजे विमान, आसने, कर्मचारी, जेवणाच्या ट्रॉली आणि टाकीतले पाणी. जवळपास १०० टन इंधन असते. प्रवासी, त्यांच्या बॅगा आणि माल यांच्या वाट्याला उरतात जेमतेम २४ टन. शिवाय इंधन वाहून न्यायलाही इंधनच लागते, त्यामुळे सतरा तासांच्या मार्गावर एक टन जास्त न्यायचा म्हटला की त्याच्यामागे साधारण साडेचारशे किलो इंधन आणखी भरावे लागते. उलट एक टन उतरवला तर विमान जवळजवळ दीड टनाने हलके होते.

या हिशेबात प्रवाशाला कोणीही काट्यावर उभे करत नाही. युरोपच्या नियमांत प्रौढ प्रवासी हातातल्या सामानासह ८४ किलोंचा आणि मूल ३५ किलोंचे धरतात आणि आमचे कोष्टकही तसेच आहे. दोनशे-सव्वादोनशे माणसे एकत्र आली की जाडे-बारीक एकमेकांना सांभाळून घेतात आणि बेरीज आश्चर्य वाटावे इतकी बरोबर येते. सरासरीवर माझा विश्वास बसला तो त्यामुळेच.

त्या सकाळी निघायला साडेतीन तास असताना वाऱ्याचा नवा अंदाज आला. जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, सरकून थेट आमच्या वाटेवर आला होता आणि समोरचा वारा सरासरी १५ नॉटने (ताशी सुमारे २८ किलोमीटरने) वाढला होता. हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण एवढ्या लांबीच्या मार्गावर त्याने उड्डाण अर्ध्या तासाने लांबते आणि इंधन २,९०० किलोंनी वाढते. विमान आधीच वजनाच्या कमाल मर्यादेला टेकलेले होते. मी चार मार्ग तपासले. वारा चुकवणारा उत्तरेकडचा मार्ग उत्तम होता, पण दोन इंजिनांच्या विमानाला ठरावीक मिनिटांच्या आत गाठता येईल असा पर्यायी विमानतळ लागतो आणि त्या बाजूचा नेमका असा एक विमानतळ धुक्यामुळे बंद होता. आकस्मिक गरजेसाठी मार्गातल्या इंधनाच्या ५ टक्के इंधन राखायचे असते. वाटेत एक निर्णयबिंदू (पुढे जायचे की अलीकडेच उतरायचे हे ठरवण्याची जागा) ठरवून ते टक्के तिथून पुढच्या अंतरावरच मोजण्याची सोय नियमांत आहे, पण या मार्गावर आम्ही ती रोजच वापरतो, त्यामुळे हुकमाचे ते पान आधीच खेळून झालेले होते.

उरला एकच उपाय, २,००० किलो उतरवणे. ते उतरले की त्यांच्यासाठी लागणारे ९०० किलो इंधनही वाचणार होते आणि २,९०० ची फेड होणार होती.

सरळ पर्याय होता बॅगांसह वीस प्रवासी उतरवण्याचा. ड्यूटी मॅनेजरने तो एका वाक्यात निकालात काढला, "आज एकही माणूस राहता कामा नये." मागे राहिलेल्या प्रवाशांचा आकडा दर महिन्याला त्याच्या नावापुढे लागतो, तक्रारींचा आकडा मात्र दुसऱ्याच विभागाच्या नावापुढे लागतो, हे लक्षात घेतले की त्याचा ठामपणा समजतो. त्याची बाजू अगदीच लंगडी नव्हती, कारण दुसऱ्या दिवशीचे विमानही भरलेले होते.

मग मी किलो वेचायला बसले, आणि कबूल करते की त्या कामात मला मजा येते. माल ७४० किलो होता, तो उतरवला. नंतरच्या विमानाने पाठवता येतील अशा ३८ बॅगा निवडल्या, त्यांचे ७०० किलो झाले. मासिके, जादा पेये आणि दुसऱ्या फेरीच्या खाण्याचा राखीव साठा मिळून १६० किलो निघाले. अजून ४०० हवे होते. ते कुठून काढायचे हे मला पहिल्यापासून माहीत होते.

विमानाच्या पाण्याच्या टाकीत १,०२० लिटर मावतात. नळ, चहा-कॉफीची यंत्रे आणि स्वच्छतागृहे या सर्वांना हेच पाणी पुरते. संडासातला मैला निर्वात दाबाने खेचला जात असला तरी भांडे धुवायला दर वेळी थोडे पाणी लागतेच. हिशेबात पाणी प्रवाशांच्या २४ टनांत धरलेले नसून विमानाच्या स्वतःच्या वजनात धरलेले असते, म्हणून ते कमी करायला कोणाची परवानगी मागावी लागत नाही, कोष्टक पुरते. २३० प्रवाशांना या मार्गावर ५६० लिटर पुरतात असे कोष्टक सांगत होते. मी टाकी ६० टक्के, म्हणजे ६१० लिटरच्या आसपास भरायला सांगितली आणि वर पन्नास लिटर जास्त दिल्याचे समाधानही मानले. प्रवाशांच्या आणि पाण्याच्या किलोंत वजनापुरता काहीच फरक नसतो. पडद्यावरचा लाल आकडा हिरवा झाला.

कॅप्टनचा फोन आला. मुक्कामाच्या ठिकाणी हवा धूसर असल्याने त्यांना आणखी ५०० किलो इंधन हवे होते. अशा जादा इंधनाला वैमानिक 'कम्फर्ट फ्युएल' म्हणतात. ते द्यायचे तर आणखी साडेतीनशे किलो उतरवावे लागतील असे मी सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग राहू द्या. पण पाणी कमी केलेय ते केबिनला नक्की कळवा."

ते मी लोडशीटच्या, म्हणजे विमानाच्या वजनाच्या तक्त्याच्या, शेऱ्यात लिहिले आणि रॅम्पवरच्या (विमान उभे असते तिथल्या) सहकाऱ्याला तोंडी सांगितले. त्याच वेळी त्या ३८ बॅगा शोधण्यासाठी दोन कंटेनर पुन्हा उघडलेले होते आणि निरोप तिथेच कुठेतरी पडला. लोडशीटचा शेरा वैमानिक वाचतात, केबिन क्रू वाचत नाही. प्रमुख हवाईसेविकेला पॅनेलवर ६० टक्के दिसले, तिने विचारलेही, पण तेव्हा दरवाजे बंद होत होते आणि "हिशेबाने भरलेय" एवढेच उत्तर तिला मिळाले.

तेराव्या तासाला माझ्या पडद्यावर संदेश उमटला: 'पाणी शून्य. मागची चार स्वच्छतागृहे बंद केली. बाटल्या मोजत आहोत. आम्हाला आधी का सांगितले नाही?'

अजून चार तास बाकी होते. केवळ पाण्यासाठी वाटेत उतरलो असतो तर कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांची मर्यादा ओलांडली गेली असती आणि सगळेच तिथे अडकले असते. बाटल्यांतले पाणी पिण्यापुरते होते. पुढे जायचे ठरले आणि तो निर्णय आजही मला बरोबरच वाटतो.

नंतर मी प्रमुख हवाईसेविकेचा अहवाल वाचला. तिने कोणावर आरोप केला नव्हता, घडले ते क्रमाने लिहिले होते. एक वृद्ध गृहस्थ स्वच्छतागृहात हातांना साबण लावून उभे होते आणि नळ कोरडा पडला. कोपराने दार ढकलून ते फेसाळलेले दोन्ही हात पुढे धरून गॅलीपर्यंत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरापर्यंत आले आणि तिची क्षमा मागू लागले, कारण त्यांना वाटले की नळ त्यांच्याच हातून बिघडला. तिने अर्ध्या बाटलीत त्यांचे हात धुऊन दिले. टाकी एकच असल्यामुळे पुढच्या, महागड्या तिकिटांच्या केबिनचे नळही कोरडे पडले होते, आणि चौकशी इतक्या तातडीने का झाली याचे उत्तर बहुधा त्यातच आहे.

चौकशीत कळले की कोष्टकाची सरासरी प्रामुख्याने रात्री सुटणाऱ्या उड्डाणांवरून काढलेली होती. रात्री माणसे झोपतात. आमचे विमान सकाळी सुटले होते. कोरड्या हवेत सतरा तास जागे असलेले लोक तोंड धुतात, दात घासतात, चहा मागतात आणि पाय मोकळे करायला उठले की परतताना स्वच्छतागृहात जाऊन येतात. माणसांच्या वजनाची सरासरी एकाच विमानात जुळते, कारण एकाचे वजन दुसऱ्याला वाढवत नाही. पाणी मात्र सगळे एकाच कारणाने एकाच दिवशी जास्त वापरतात. हे मला सुचायला हवे होते.

विमान नियोजित शिलकीपेक्षा १,३०० किलो जास्त इंधन घेऊन उतरले. "म्हणजे पाणी नेता आले असते," असे बैठकीत कोणीतरी म्हणाले, आणि मला राग आला, कारण वारा शेवटी नरमेल हे सकाळी कोणालाच माहीत नव्हते. माझी बोच वेगळी आहे. खपाचा वेग पाहता ८०० लिटर पुरले असते, म्हणजे सुमारे १९० किलो कमी पडले. अकरा बॅगा, किंवा सामानासह दोन माणसे. निवड एवढीच होती, पण ती या शब्दांत माझ्यापुढे आली नाही आणि मीही ती तशी मांडून पाहिली नाही.

अतिलांब उड्डाणे व्यवस्थित आखायची तर हा प्रश्न विमान बनतानाच सोडवावा लागतो. सिंगापूर ते न्यूयॉर्क परिसर ही थेट सेवा २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली ती एअरबस ए३५०-९०० यूएलआर (अल्ट्रा लाँग रेंज, म्हणजे अतिलांब पल्ल्याच्या) या विमानाने. इंधनक्षमता १,६५,००० लिटरपर्यंत वाढवलेल्या त्या विमानात आसने फक्त १६१ आहेत आणि इकॉनॉमी वर्गच नाही. नेहमीच्या लांब मार्गांवर ए३५०-९०० ची साधी जात अडीचशेहून अधिक प्रवासी नेते. २०१९ मध्ये क्वांटासने न्यूयॉर्क ते सिडनी हे १९ तास १६ मिनिटांचे चाचणी उड्डाण केले तेव्हा बोइंग ७८७-९ मध्ये सगळे मिळून ४९ जण होते. रिकाम्या खुर्च्यांनीच ते अंतर कापले. आमच्यासारख्या कंपन्या खुर्च्या पूर्ण लावतात आणि वारा फिरला की प्रश्न डिस्पॅचरच्या टेबलावर येतो. तोपर्यंत हात लावता येण्याजोगे फारसे उरलेले नसते. वैमानिकांच्या नकाशे-पुस्तकांच्या जाड बॅगा जाऊन टॅब्लेट आले तेव्हा वाचलेले किलो कोणाला जाणवले नाहीत. तसे बिनवेदनेचे किलो केव्हाच संपले. पुढच्या केबिनमधले झोपता येणारे आसन साध्या आसनाच्या कित्येक पट जड असते, पण ते जमिनीला बोल्टने आवळलेले असते. तीन तास आधी सोडवता येते ते फक्त सुटे सामान, आणि सुटे सामान बहुधा मागच्या केबिनच्या वाट्याचे असते.

आता दिवसाच्या उड्डाणांचे कोष्टक वेगळे आहे, पाणी ८० टक्क्यांखाली नेता येत नाही आणि त्याचा निरोप केबिनच्या टॅब्लेटवर जातो. गेल्या आठवड्यात त्याच मार्गावर पुन्हा वारा फिरला. माल, बॅगा, मासिके सगळे काढूनही २०० किलो जास्त राहिले. या वेळी मी दोन प्रवासी उतरवायला सांगितले. गेटवर एक जोडपे तयार झाले, पण बाईंनी एक प्रश्न विचारला आणि गेटवरच्या सहकाऱ्याने तो मला फोनवर विचारला, "आम्हा दोघांचे वजन तुम्ही किती धरले आहे, असे त्या विचारताहेत."

"एकशे अडुसष्ट," मी म्हणाले. "बॅगा धरून दोनशे चार."