ह्यूस्टनमध्ये बर्फ पडणार म्हटलं की आधी पाण्याचा कॉक शोधा

२१ जानेवारी २०२५ला ह्यूस्टनमध्ये दोन ते चार इंच बर्फ पडला. दोन्ही विमानतळ बंद, शाळा बंद, रस्ते ओस. त्याच दिवशी न्यू ऑर्लिन्सला आठ इंच पडला. अशा वेळी भारतातून फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो, "एवढ्याशा बर्फानं तुमची अमेरिका बंद पडते?" हा प्रश्न मनाला लागतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबानं बांधलेली होती. तेव्हा मुंबईला नावं ठेवणाऱ्यांचा आपल्याला राग आलाच होता ना? शहर ज्या हवेसाठी बांधलं, त्याच हवेत चालतं.

इथली घरं उकाड्यासाठी बांधलेली आहेत. तळघर नाही, जमिनीवर सरळ काँक्रीटचा स्लॅब. त्यामुळे पाण्याचे पाइप बऱ्याच घरांत पोटमाळ्यातून आणि बाहेरच्या भिंतींतून जातात. गच्चीवर टाकी नसते, पालिकेचं पाणी दाबासकट थेट नळाला येतं. म्हणून खरी भीती बर्फाची नाही, किती तास गारठा टिकतो त्याची आहे. फेब्रुवारी २०२१मध्ये बर्फ २०२५पेक्षा कमी होता, पण पारा उणे १० अंशांच्या खाली गेला आणि घरोघरी पाइप फुटले.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पाइप मात्र बहुतेक वेळा बर्फाच्या जागी फुटत नाही. बर्फाचा बुच आणि बंद नळ यांच्यामध्ये जे पाणी अडकतं, त्याचा दाब वाढत जातो आणि पाइप तिथे फाटतो. नळ थेंब थेंब चालू ठेवायचा सल्ला यासाठीच देतात. पण ह्यूस्टनची पालिका तसं करू नका म्हणते, आणि ते बरोबर आहे. सगळ्यांनीच नळ सोडले तर शहरभर पाण्याचा दाब कमी होतो. २०२१मध्ये दाब इतका घसरला की पाणी उकळून प्या असं सांगावं लागलं.

त्यामुळे पारा उणे ६-७ अंशांकडे निघाला की पाणी बंद करून पाइप रिकामे करणं उत्तम. आधी बाथटब आणि घरातल्या सगळ्या बादल्या भरून ठेवा. एका फ्लशला पाच-सहा लिटर लागतात. बादली-तांब्याची सवय असलेल्या घरांचं इथे अडत नाही. मग मुख्य कॉक बंद करा. घराच्या बाहेरच्या भिंतीवर सापडला नाही, तर रस्त्याकडेच्या मीटरच्या पेटीत असतो आणि त्याला लांब दांड्याची चावी लागते. ती आधीच आणून ठेवा, ऐनवेळी दुकानात मिळत नाही. बाहेरचा सर्वांत खालचा नळ उघडा, घरातले गरम-गार सगळे नळ उघडा, फ्लश ओढा. गॅसचा गीझर पायलटवर, म्हणजे नुसती छोटी ज्योत पेटती राहील असा, ठेवा. भिंतीवरचा टाकीविना गीझर असेल तर तो वेगळा रिकामा करा. त्याचं थंडीपासूनचं संरक्षण विजेवर चालतं, वीज गेली की तेही जातं.

बाहेरच्या नळाला लावलेला बागेचा होज काढायला विसरू नका. स्प्रिंकलरचा बाहेर उभा असलेला पितळी व्हॉल्व्ह तर हमखास फुटतो. त्याचं पाणी जमिनीखालच्या कॉकनं तोडा, बाजूचे दोन छोटे टेस्ट-कॉक चपट्या स्क्रूड्रायव्हरनं उघडून पाणी जाऊ द्या, आणि दोन्ही मोठ्या दांड्या ४५ अंशांवर तिरप्या ठेवा. पूर्ण बंद ठेवल्या तर आतल्या गोळ्यात पाणी राहतं. पोटमाळ्यात इन्सुलेशन पाइपच्या वरून घाला. खालून घातलं तर घराची ऊब पाइपपर्यंत पोचतच नाही.

२०२१मध्ये वीज गेली, त्याचं समर्थन मात्र करवत नाही. २०११च्या थंडीनंतर वीजकेंद्रं आणि गॅसची यंत्रणा थंडीला तयार करा असं सांगून झालं होतं. भारनियमनाचं आपल्याकडे निदान वेळापत्रक तरी असायचं. इथे आळीपाळीनं म्हणून बंद केलेली वीज कित्येक घरांत दोन-तीन दिवस आलीच नाही. उबेसाठी लोकांनी गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली, घरात कोळसा पेटवला आणि कार्बन मोनॉक्साइडनं जीव गेले. जनरेटर घरापासून निदान २० फूट दूरच हवा.

नुकसान दिसतं ते बर्फ वितळल्यावर. कॉक एकदम उघडू नका. पाव फेरा उघडा, आणि दुसऱ्या कुणीतरी घरात फिरून छताकडे आणि भिंतींकडे कान द्यावा. सूंऽऽ असा आवाज आला की लगेच बंद.