एक्स्प्रेस पास घ्यावा का? तुम्ही विचारलंत म्हणून

‘सिंगापूरला चाललोय, युनिव्हर्सलची तिकिटं काढलीत, एक्स्प्रेस पण घेऊन टाकू का?’ एप्रिल लागला की हा प्रश्न यायला सुरुवात होते, आणि दिवाळीच्या तोंडावर पुन्हा एकदा. अमेरिकेत ऑर्लँडोला जाणारे हेच डिस्नेच्या लाइटनिंग लेनबद्दल विचारतात, खोपोलीला जाणारे इमॅजिकाच्या एक्स्प्रेसबद्दल. थीम पार्क कुठलंही आणि पासचं नाव काहीही असो, तिकिटावर जास्तीचे पैसे भरून विकत मिळतं ते एकच: राइडसाठी छोटी रांग. माझं मत असं की बहुतेक घरांनी पासवर पैसे घालण्याआधी तारीख हलवून बघावी. तारीख हलत नसेल आणि ती गर्दीचीच असेल, तर मात्र पास खुशाल घ्यावा.

आधी पास नेमकं काय करतो ते बघू, कारण तिथेच गैरसमज आहे. पासमुळे राइड जास्त माणसं नेत नाही. समजा, एका रोलर कोस्टरच्या गाडीत 32 जागा आहेत आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटते. म्हणजे तासाला 30 फेऱ्या, 960 माणसं. चढायच्या जागेच्या थोडं अलीकडे दोन्ही रांगा एकत्र येतात. तिथे एक कर्मचारी साखळी धरून उभा असतो. तो पासवाले मोजून सोडतो, मग साध्या रांगेतले थोडे, मग पुन्हा पासवाले. त्याने निम्म्या जागा पासवाल्यांना दिल्या तर साध्या रांगेच्या वाट्याला तासाला 480 उरतात. तुमच्या पुढे 480 माणसं असतील तर पास नसता तेव्हा अर्ध्या तासात नंबर लागला असता, आता एक तास लागेल. साध्या रांगेत उभं राहून चिडचिड होते ती अशी फुकाची नसते, तुमची वाट खरोखरच लांबलेली असते. देवळातल्या सशुल्क दर्शनाच्या रांगेचं गणित आपल्या ओळखीचं आहे, हे तेच.

यातून कामाची गोष्ट निघते ती अशी: पासचा खरा फायदा कमी माणसं नेणाऱ्या राइडवर होतो. युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूरमधली कॅनपी फ्लायर बघा. एका पाळण्यात चारच जागा, दोन पुढे तोंड करून, दोन मागे. तिची रांग दिसते आखूड, पण हलत नाही. उलट मोठ्या सभागृहात एका वेळी भरपूर लोकांना बसवणाऱ्या राइड असतात, जशी इमॅजिकातली आय फॉर इंडिया. दरवाजा उघडला की अख्खा घोळका आत जातो, त्यामुळे पास असून फार तर एक खेळ वाचतो. रांगेची लांबी बघून पासचा निर्णय घेऊ नका. पाच मिनिटं उभं राहून ती किती सरकते ते बघा.

आता सिंगापूर, कारण सर्वांत जास्त प्रश्न तिथलेच. तिथली गर्दी आपल्या सुट्ट्यांवर नाही, त्यांच्या सुट्ट्यांवर चालते. सिंगापूरच्या शाळांना मोठी सुट्टी असते जूनमध्ये, आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून वर्ष संपेपर्यंत. मार्च आणि सप्टेंबरमध्ये एकेका आठवड्याची छोटी सुट्टी. महाराष्ट्रातल्या मुलांना मात्र एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत मोकळीक. म्हणजे मे महिन्यातला मधला काळ, चीनमधली मे दिनाची सुट्टी उलटल्यावर आणि सिंगापूरच्या शाळा सुटायच्या आधी, हा आपल्यासाठी सोन्यासारखा आहे. त्यातही मंगळवार ते गुरुवार धरा, मध्ये वेसाकची, म्हणजे तिथल्या बुद्धजयंतीची, सार्वजनिक सुट्टी आली तर ती टाळा. तेच कुटुंब तीच सहल जूनच्या पहिल्या आठवड्यात ढकलतं आणि मग एक्स्प्रेसशिवाय निभत नाही. दसऱ्याच्या सुमारास जाणाऱ्यांनी 1 ते 7 ऑक्टोबर हा चीनमधल्या सुट्टीचा आठवडा सोडावा. दिवाळीला तिथेही सार्वजनिक सुट्टी असते, त्या दिवशी पार्कात जाऊ नका, लिटल इंडियात जा.

तारीख बरी मिळाली की दुसरं शस्त्र म्हणजे सकाळ. दरवाजा उघडायच्या निदान अर्धा तास आधी बाहेर हजर राहा. पहिला तास दुपारच्या तीन तासांएवढा असतो. हे पार्क लहान आहे, मधल्या तळ्याभोवती गोल फिरून येतं. आत शिरल्यावर मोठी मुलं असतील तर उजवीकडे वळा: पार्कातला न्यूयॉर्क विभाग ओलांडून साय-फाय सिटी विभागातली ट्रान्सफॉर्मर्स, मग इजिप्त विभागातली ममी, मग लॉस्ट वर्ल्डमधली कॅनपी फ्लायर. पाच-सहा वर्षांची मुलं असतील तर डावीकडे, मिनियन लँडमध्ये. ही जागा फेब्रुवारी 2025 मध्ये सुरू झाली आणि लहान मुलांची घरं तिकडेच ओढली जातात. दाराबाहेरच्या युनिव्हर्सलच्या फिरत्या गोळ्याशी फोटो काढत बसू नका. तो गोळा संध्याकाळीही तिथेच फिरत असतो आणि फोटोही जास्त चांगला येतो.

तिसरं शस्त्र फुकट आहे आणि तरी फार कमी लोक वापरतात: सिंगल रायडरची रांग. गाडीत एखादी जागा उरली की या रांगेतला एकटा माणूस तिथे बसवतात. ट्रान्सफॉर्मर्स आणि ममी दोन्हींना ती असते, पण गर्दी बघून कधी बंदही ठेवतात, म्हणून दारावर विचारा. घरचे एकत्र बसणार नाहीत, हे आधीच मान्य करून जा. आणि मूल एकटं बसण्याएवढं उंच हवं. ट्रान्सफॉर्मर्सला मोठ्यांबरोबर 102 सेंटिमीटर चालतं, एकट्याला 122 लागतं.

उंचीचा मुद्दा पासच्या पैशांशी थेट जोडलेला आहे. ममीला 122 सेंटिमीटर उंची लागते, त्याखाली प्रवेश नाही, पास असो वा नसो. निघण्याआधी घरच्या भिंतीला पाठ लावून, बूट काढून मुलाची उंची मोजा. तो ज्या राइडना बसू शकत नाही त्या यादीतून वजा करा, मग बघा पास किती राइडपुरता उरतो. आजी-आजोबा राइडना बसणार नसतील तर त्यांचा पास कशाला? तो माणशी असतो, घरटी नाही. फक्त एक लक्षात घ्या, पासवाला आणि बिनपासवाला एका रांगेतून जाऊ शकत नाहीत. तान्हं किंवा बुटकं मूल बरोबर असेल तर दाराशी चाइल्ड स्वॅप मागा. एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो, मग अदलाबदल, आणि दुसऱ्याला रांग पुन्हा लावावी लागत नाही. त्याचे पैसे पडत नाहीत.

मग पास कधी? मिनिटाचा भाव काढा. समजा, माणशी 6,000 रुपये पडले, चौघांचे 24,000. जूनमधला शनिवार आहे, सहा राइडवर प्रत्येकी 30 मिनिटं वाचतात, म्हणजे 180 मिनिटं. चौघांना मिळून मिनिटाला 133 रुपये. तेच पैसे मेमधल्या बुधवारी, सकाळी लवकर पोचून घातलेत तर एका राइडमागे दहाच मिनिटं वाचतील, म्हणजे तासभर, आणि मिनिटाला 400 रुपये. पहिला सौदा मला पटतो. उन्हात, दमट हवेत तीन तास उभं राहिलेल्या मुलाचं संध्याकाळी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरा सौदा पटत नाही. पासचा दर तारखेप्रमाणे बदलतो, तेव्हा आकडे तुमचे घाला, रीत हीच ठेवा.

सिंगापूरला पासचे दोन प्रकार आहेत. साध्या एक्स्प्रेसमध्ये पास चालतो त्या प्रत्येक राइडला एकदाच, अनलिमिटेडमध्ये हवं तितक्या वेळा. बहुतेकांना साधा पुरतो. एकच कोस्टर पाच वेळा करणारी कॉलेजची मुलं असतील तरच अनलिमिटेडचा विचार करा. आणि पास काय करत नाही तेही ऐका: तो प्रवेशद्वाराची तपासणी चुकवत नाही, ममीच्या आधी पिशवी लॉकरमध्ये ठेवायची धावपळ चुकवत नाही. मुख्य म्हणजे पाऊस थांबवत नाही. सिंगापूरला दुपारी विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राइड बंद होतात, कधी तासभर, कधी जास्त, आणि पासचे पैसे त्यासाठी सहसा परत मिळत नाहीत. म्हणून उघड्यावरच्या राइड दुपारच्या आत उरका, छपराखालच्या राहिल्या तर दुपारी. गर्दीचा अंदाज नसेल तर पास आधी न घेता आत जाऊन अकराच्या सुमारास रांगेला किती वेळ लागतोय ते सांगणारे फलक बघा. पास उरले असतील तर आतही विकत मिळतात. हा धोका सुट्टीच्या दिवशी मात्र पत्करू नका, तेव्हा ते संपतात.

ऑर्लँडोचा खेळ वेगळा. डिस्नेने 1999 मध्ये फास्टपास आणला तेव्हा तो फुकट होता. 2021 मध्ये तो मोडीत निघाला आणि त्याच्या जागी पैशाची सेवा आली, 2024 पासून तिचं नाव लाइटनिंग लेन मल्टी पास. इथे नुसते पैसे भरून भागत नाही, आरक्षण करावं लागतं. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी, बाकीच्यांना तीन दिवस आधी, फ्लोरिडाच्या सकाळी सातला. पुण्यात बसून करणार असाल तर त्यांच्या उन्हाळी वेळेत ते दुपारचे साडेचार आणि नाताळात संध्याकाळचे साडेपाच. हा एक तासाचा फरक विसरलात तर चांगल्या वेळा गेलेल्या असतात. तीन राइड आधी निवडायच्या. पहिल्या राइडच्या दारावर पास टेकवला की चौथी निवडता येते, म्हणून पहिली वेळ सकाळचीच घ्या. तीनही वेळा दुपारनंतरच्या घेतल्यात तर चौथीसाठी तोवर हात बांधलेले. डिस्नेच्या पार्कांपैकी मॅजिक किंगडम आणि हॉलिवूड स्टुडिओजला हा पास कामाला येतो. अ‍ॅनिमल किंगडमला मी घेऊ नका म्हणेन. तिथली फ्लाइट ऑफ पॅसेज ही राइड मल्टी पासमध्ये नाही, तिचा सुटा पास घ्या आणि बाकीचं सकाळी उरका.

ऑर्लँडोच्याच युनिव्हर्सलला मात्र एक सरळ हिशोब आहे. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत राहणाऱ्या प्रत्येकाला एक्स्प्रेस अनलिमिटेड खोलीच्या भाड्यातच मिळतो, येण्याच्या आणि जाण्याच्या दोन्ही दिवशी. एका रात्रीच्या भाड्यात चौघांचे दोन दिवस. सुटे आठ पास आणि ती खोली यांची बेरीज शेजारी शेजारी मांडा, गर्दीच्या दिवसांत खोली स्वस्त पडू शकते. 2025 मध्ये उघडलेल्या त्यांच्या एपिक युनिव्हर्स या पार्कला हा फायदा लागू नाही.

इमॅजिकाचं थोडक्यात. शनिवार-रविवार आणि लागून आलेल्या सुट्ट्या सोडल्या तर एक्स्प्रेसची गरज पडू नये. अपवाद डिसेंबर-जानेवारीचा. तेव्हा शाळांच्या सहली आठवड्याच्या मधल्या वारांनाच येतात आणि एकेका बसमधून पन्नास मुलं उतरतात. त्या दिवसांत सकाळी पहिल्यांदा नायट्रो हा रोलर कोस्टर करा, कारण सहलीची मुलं आधी नाश्ता करतात, मग हजेरी, मग रांग. पावसाळ्यात खोपोलीचा पाऊस ठाऊक असूनही जाणार असाल तर एक्स्प्रेस आदल्या दिवशी घेऊ नका. सकाळी घाटाकडे ढग किती उतरलेत ते बघा, नायट्रो चालू आहे का ते तिकीट खिडकीवर विचारा, आणि मग पाकिटाला हात घाला.