चिकट टायर, मुकं स्टिअरिंग: कोडं कास्टरपाशी सुटतंय

बोलतंय! स्टिअरिंग एकदाचं बोलायला लागलंय. ट्रॅकवर पळवायच्या माझ्या गाडीला २०० ट्रेडवेअरचे (झिजेचा आकडा; कमी असला की टायर सहसा मऊ आणि चिकट) टायर चढवल्यापासूनचं माझं रडगाणं तुम्हाला पाठ आहेच: लॅप टाइम खाली, डेटा लॉगरवर (गाडीची आकडेवारी टिपणारं यंत्र) वळणातला जी-फोर्स वर, आणि हात मात्र बधिर. जुने टायर पकड सोडण्याआधी कुरकुरायचे, स्टिअरिंग जरा हलकं पडायचं. हे पठ्ठे शेवटपर्यंत गप्प, आणि मग पुढचं टोक एकदम बाहेर.

आधी हवा. गरम असताना ३६ पीएसआयला गाडी वळणात झटकन शिरते, पण ट्रेडचा (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याचा) मध्य तापतो आणि पकड घटते. ३२ ला आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तिन्ही ठिकाणी तापमान जवळपास सारखं, पकडही उत्तम, पण स्टिअरिंग लापशीसारखं. (तापमान सुई खुपसणाऱ्या पायरोमीटरनेच घ्या. इन्फ्रारेड गन फक्त पृष्ठभाग बघते, आणि तो पिटमध्ये येईतो निवलेला असतो.) मग टो (वरून पाहता पुढच्या चाकांचा आत-बाहेर कल) शून्यावरून किंचित बाहेर काढला. सुरुवातीचा प्रतिसाद सुधारला, पण टोकाचा मुकेपणा तसाच.

शेवटी मूळ गणिताकडे वळलो. वळणात बाजूचं बल कॉन्टॅक्ट पॅचच्या (टायरचा रस्त्याला टेकलेला भाग) मध्यावर न लागता थोडं मागे लागतं. हे मागचं अंतर म्हणजे न्युमॅटिक ट्रेल. स्लिप अँगल (चाकाचं तोंड आणि त्याची प्रत्यक्ष वाट यांतला कोन) वाढला की पॅचचा मागचा भाग घसरू लागतो आणि हा ट्रेल आटतो. त्यामुळे चाक सरळ करू पाहणारा जोर, पकड शिखरावर पोचायच्या आधीच उतरणीला लागतो. हातांना इशारा मिळतो तो इथे. कास्टरमुळे, म्हणजे बाजूने पाहता स्टिअरिंगचा अक्ष मागे झुकल्यामुळे, मिळणारा ट्रेल मात्र स्लिप अँगलला दाद देत नाही. बल वाढतंय तोवर त्याच्या वाट्याचा जोरही वाढत राहतो आणि ती उतरण झाकून टाकतो. त्यातून कडक साइडवॉलच्या (बाजूच्या भिंतीच्या) टायरचं शिखर कमी कोनात येतं, म्हणजे इशाऱ्याला जागाच थोडी. वरून इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग उरलंसुरलं गाळतं.

कास्टर होता ७ अंश. टॉप माउंटवरून (सस्पेन्शनच्या वरच्या टोकाची जोडणी) ५.५ वर आणला. या मापाच्या चाकाला ट्रेल अंदाजे ३७ मिमीवरून २९ वर येतो. ऐकायला किरकोळ, पण लांब उजव्या वळणात तो ओळखीचा हलकेपणा परत आला आणि मी हेल्मेटमध्ये एकटाच ओरडलो. आता गाडी टोकावर धरून ठेवता येते; आधी टोकापासून लांब राहावं लागायचं. हवा ३२ लाच आहे.

फुकट काहीच मिळत नाही. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग मध्याला पूर्वीइतकं ओढून येत नाही, आणि चाक वळवल्यावर कास्टरमुळे मिळणारा निगेटिव्ह कॅम्बरही (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) घटला. घट्ट वळणात बाहेरच्या टायरची बाहेरची कड तापलेली दिसते. स्टॅटिक (गाडी उभी, चाकं सरळ असतानाचा) निगेटिव्ह कॅम्बर अर्धा अंश वाढवावा म्हणतो. ब्रेकिंगमध्ये थोडी पकड जाईल, जाऊ दे.

मागे मी ८.५ इंच रुंद रिम घ्यायचं ठरवलं होतं ना? हे लिहिता लिहिता तो बेत डळमळला. माझ्या २२५/४५ आर १७ मापाच्या टायरला ८.५ चालतं, पण साइडवॉल आणखी ताणली जाईल, कडक होईल, आणि आत्ता कुठे मिळालेला इशारा पुन्हा आखडेल. माझ्या मते बरेच जण रुंद रिम फोटोसाठीच घेतात. त्यापेक्षा हेच टायर निम्मे झिजू देतो. ट्रेडचे ब्लॉक बुटके झाले की वळवळ कमी होईल, आणि कदाचित हवेला हात न लावता ती लापशीही जाईल. कॅम्बर बदलून पुढच्या फेरीत पायरोमीटरचे आकडे टाकतो.