आमची वाटचाल: बर्फाखालच्या पाईकसाठी लीडर बनवताना

आम्ही लीडर बनवतो. मुख्य दोर आणि गळ यांच्या मधला हातभर लांबीचा, दातांना दाद न देणारा तुकडा, एवढंच आमचं उत्पादन; आणि तेही बहुतांशी एकाच माशासाठी. पाईक हा उत्तरेकडच्या गोड्या पाण्यातला शिकारी. तळं गोठलं तरी त्याचं खाणं थांबत नाही, म्हणून बर्फाला भोक पाडून त्याच्यासाठी आमिष सोडणारे लोक हिवाळाभर तळ्यावर असतात. त्याच्या खालच्या जबड्यावर दोन्ही बाजूंना सुळे असतात आणि टाळूवर आत झुकलेल्या बारीक दातांचे पट्टे. तोंडात गेलेली वस्तू आतच सरकते. साधा तंगूस सुळ्यावर घासला की संपला.

दोर तुटला की माणसाचं नुकसान होतं ते एका गळाचं. मासा मात्र घशात रुतलेले काटे घेऊन बर्फाखाली निघून जातो. आमच्या गिऱ्हाइकांपैकी बरेच जण पकडलेला पाईक पुन्हा पाण्यात सोडणारे आहेत. त्यांनी सोडलेला मासा जगायचा असेल, तर गळ काढण्यासाठी तो आधी त्यांच्या हातात यायला हवा. कुठला माल विकायचा आणि कुठला नाही, हे आम्ही पहिल्यापासून याच एका कसोटीवर ठरवत आलो.

सुरुवात एकेरी पोलादी तारेने झाली. पाईकचे दात तिला कापू शकत नाहीत, ती बारीक असते, आणि टोकाला पीळ देऊन फासा करायला एक पक्कड पुरते. अडचण अशी की गळाला लागलेला पाईक स्वतःभोवती गिरक्या घेतो. तार एकदा दुमडली की तिथे मोड बसते आणि पुढच्या हिसक्याला ती नेमकी तिथेच तुटते. बोटांनी सरळ केली तर वरून सरळ दिसते, पण धातू आतून थकलेलाच असतो. म्हणून आम्ही लवकरच सात पेडांच्या, प्रत्येक पेडात सात तारा असलेल्या विणीकडे वळलो. एकूण 49 बारीक तारा. लवचिक, आमिषाला मोकळेपणी हलू देणारी आणि सहजासहजी मोड न बसणारी. प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार आम्ही ठेवत नाही. सुळ्याने आवरण फाटलं की पाणी आत शिरतं आणि गंज झाकलेला राहतो. उघड्या तारेचा एखादा पेड तुटला तर तो निदान डोळ्यांना दिसतो, बोटाला टोचतो.

खरं कसब आहे ते क्रिंपमध्ये. ही तार किंवा जाड फ्लोरोकार्बन, म्हणजे पाण्यात कमी दिसणारा प्लॅस्टिकचा दोर, आम्ही गाठीने बांधत नाही. फासा करून धातूच्या छोट्या नळीत दाबतो. आमच्याकडे परत येणाऱ्या लीडरमध्ये मध्यावर तुटलेले कमी असतात, या नळीपाशी गेलेले जास्त. दाब कमी पडला तर तार सरकते, जास्त झाला तर आतल्या आत चिरडते. नळीच्या तोंडावरच दाब आला तर तिथे धार तयार होते, आणि मग प्रत्येक हिसक्याला तीच धार दोर कापत राहते. म्हणून दाब मधोमध द्यायचा आणि दोन्ही तोंडं किंचित मोकळी ठेवायची. फ्लोरोकार्बनला गोल नळी आम्ही वापरत नाही, कारण त्यात दोरांचे दोन पदर एकमेकांवर चढतात. त्याला दोन भोकांची नळी लागते, आणि तुकड्याच्या टोकाला उष्णता देऊन बारीक बोंड करावं लागतं म्हणजे ते मागे ओढलं जात नाही. हा विभाग माझी बहीण बघते. नवीन आलेल्या माणसाला ती आधी टाकाऊ तुकड्यांवर बसवते आणि त्याने दाबलेला नमुना तुटेपर्यंत ओढून बघते. तार मध्ये तुटली तर हात बसला. नळीतून निसटली तर पुन्हा पहिल्यापासून. तिचा हा कडकपणा आहे म्हणून आमचं नाव टिकलं, असं मी मनापासून मानतो.

पुढे फ्लोरोकार्बनची मागणी वाढत गेली आणि तिच्यामागे कारण होतं. बर्फाखाली पाणी शांत असतं, लाटा नसतात, गाळ खाली बसतो. अशा स्वच्छ पाण्यात मेलेला आमिषमासा स्थिर लटकत असतो आणि पाईक त्याच्यासमोर थांबून निवांत निरखतो. हलतं आमिष झडपताना तो तारेकडे क्वचितच बघतो, स्थिर आमिषाच्या वेळी मात्र बघतो. प्रकाश वाकवण्याचा अंक पाण्याचा 1.33, फ्लोरोकार्बनचा सुमारे 1.42 आणि नायलॉनचा 1.53च्या आसपास. म्हणजे फ्लोरोकार्बन अदृश्य होत नाही, पण नायलॉनपेक्षा पाण्यात नक्कीच जास्त मिसळून जातं. मासेमारीसाठी हा दोर पहिल्यांदा आणला जपानच्या कुरेहा कंपनीने, 1971 मध्ये. तो नायलॉनसारखं पाणी पीत नाही आणि पाण्यापेक्षा बराच जड असल्याने आपणहून बुडतो.

पण सुळ्यांपुढे तो टिकतो फक्त जाडीच्या जोरावर. आमची किमान जाडी 0.8 मिलिमीटर आहे, आणि मोठे पाईक असलेल्या तळ्यासाठी आम्ही 1 मिलिमीटरच सुचवतो. एवढा जाड दोर तीस-पस्तीस किलोचा ताण सहज घेतो. गिऱ्हाईक विचारतात, इतकी ताकद कशाला? पाईकचा नोंदलेला विश्वविक्रमच 25 किलोचा, जर्मनीतल्या ग्रेफर्नच्या तळ्यात 1986 साली पकडलेला. बरोबर आहे, वजनासाठी इतकी ताकद लागत नाही. ही जाडी खरचटण्यासाठी आहे: सुळ्याने पृष्ठभाग कोरला तरी मासा वर येईपर्यंत पुरेसा गाभा शिल्लक राहावा म्हणून. एका मोठ्या घाऊक व्यापाऱ्याने आमच्याकडे अर्धा मिलिमीटरचे ‘न दिसणारे’ पाईक लीडर मागितले होते. ते जास्त खपले असते. आम्ही नकार दिला आणि त्या हिवाळ्याची सर्वात मोठी ऑर्डर गेली. त्या जाडीचा लीडर पाईकसाठी म्हणून विकणं मला आजही मान्य नाही.

टायटॅनियम आमच्याकडे सर्वात शेवटी आलं. बाजारात मिळणारे असे लीडर खरं तर निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असतात. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत 1959 मध्ये विल्यम ब्यूलर यांच्या कामातून पुढे आलेला हा धातू. वाकवून सोडला की पुन्हा सरळ होतो, त्यामुळे पाईकच्या गिरक्यांनी त्याला मोड बसत नाही आणि तोच लीडर बरेच दिवस चालतो. मात्र त्याचा हा गुण तापमानावर अवलंबून असतो, आणि मिश्रणाचं प्रमाण थोडं जरी बदललं तरी ते तापमान सरकतं. गोठलेल्या तळ्याचं पाणी बर्फालगत 0 अंश आणि तळाशी फार तर 4 अंश सेल्सिअस. म्हणून नवीन तार आली की आम्ही ती बर्फाच्या पाण्यात ठेवून, त्यातच वाकवून बघतो. तिथे पूर्ण सरळ झाली नाही तर माल परत.

मुख्य दोर आम्ही बनवत नाही, पण लीडर घेणारा प्रत्येक जण त्याबद्दल विचारतोच. टिप-अप वापरत असाल, म्हणजे रीळ पाण्यात आणि मासा लागल्यावर वर उभा राहणारा झेंडा, तर मासा हातानेच ओढायचा असतो. तिथे जाड, विणलेला डॅक्रॉनचा (पॉलिस्टरचा) दोर घ्या. ती जाडी ताकदीपेक्षा बोटांसाठी आहे. बारीक पॉलिथिलीनचा विणीव दोर तितकीच ताकद देतो, पण ओल्या, गारठलेल्या हाताला कापतो आणि भोकाच्या कडेला चिकटून गोठतो. छडीने मासेमारी करत असाल तर उघड्यावर तंगूस बरा. तो विणीव दोरासारखा पाणी धरत नाही, त्यामुळे छडीच्या कड्यांत बर्फ कमी साचतो, आणि आखूड दोरावर पाईकने मारलेला झटका तंगूस ताणला जाऊन थोडा झेलला जातो. तापवलेल्या तंबूत विणीव दोर चालेल. मुख्य दोर आणि लीडर यांच्यामध्ये फिरकी, म्हणजे दोराला पीळ न बसू देणारी फिरती कडी, हवीच.

लीडरची लांबी आम्ही 45 ते 60 सेंटिमीटर ठेवतो. पाईक गिरकी घेतो तेव्हा दोर कल्ल्याच्या कडेवरूनही घासतो, आणि वीतभर लीडर तिथपर्यंत पुरत नाही.

अलीकडे आमचा सर्वाधिक वेळ जातो तो दोन गळांच्या लीडरवर. आमिषमाशाच्या अंगावर पुढे एक आणि मागे एक गळ असला की झेंडा उठताच ओढता येतं, पाईक आमिष गिळेपर्यंत थांबावं लागत नाही. गळ ओठाच्या कडेला लागतो, घशात जात नाही. या हिवाळ्यापासून आम्ही मागचा तीन टोकांचा गळ काढून तिथे एकेरी गळ लावायला सुरुवात केली आहे. तो सोडवायला सोपा, आणि कडक गारठ्यात मासा जितका कमी वेळ पाण्याबाहेर राहील तितके त्याचे कल्ले आणि डोळे वाचतात. एका दोरावर किती गळ चालतात याचे नियम जागोजाग वेगळे आहेत, ते तळ्यावर जाण्याआधी बघून घ्या.

प्रत्येक माशानंतर लीडर चिमटीत धरून टोकापासून टोकापर्यंत ओढून बघा. फ्लोरोकार्बन खरखरलं किंवा नळीपाशी पांढरट पडलं असेल तर लगेच बदला, मधला भाग कितीही कोरा दिसला तरी. तुटलेला लीडर फेकू नका, आमच्याकडे पाठवून द्या. तो कुठे तुटला हे आम्हाला बघायचं असतं.