होमस्कूलिंग जमलं, पण दाखल्याने घाम काढला

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बऱ्याच जणी विचारतात की लेकीला शाळेतून काढलं कसं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. घरचं टाइमटेबल, गणित कोण घेणार वगैरेचं टेन्शन घेऊ नका, ते बसतं हळूहळू. खरा त्रास शाळा सोडल्याच्या दाखल्याचा.

लेक आठवी पास झाली, 14 पूर्ण झाले, दहावी एनआयओएसमधून (केंद्र सरकारचं मुक्त शाळेचं बोर्ड, घरी शिकून परीक्षा देता येते) करायची ठरलं. (शेजारच्या काकूंनी विचारलं, नन करणार का तिला? असो.) अर्ज घेऊन शाळेच्या ऑफिसात गेले तर क्लार्क म्हणाले, पुढच्या शाळेचं मागणीपत्र आणा. म्हटलं सर, पुढची शाळा नाहीये, घरी शिकणार आहे. "मग सरकारच्या सरल पोर्टलवर ट्रान्सफर कुठे दाखवू मॅडम, तुमच्या किचनमध्ये?"

पुढच्या वेळी आरटीई (शिक्षण हक्क) कायदा 2009, कलम 5 ची प्रिंटच नेली, त्यात आहे की मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा, उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई. क्लार्कनी आरामात वाचलं आणि म्हणाले, हे दुसऱ्या शाळेत जाणाऱ्यांसाठी आहे, तुमची दुसरी शाळा दाखवा. मुद्दा बरोबर होता म्हणून तर जास्त डोकं फिरलं. मग मुख्याध्यापिका मॅडम मीटिंगला, मग मॅडम रजेवर, मग सोमवारी या, सोमवारी गेलं की क्लार्कसाहेबच नाहीत. घरी आम्ही बायबलमधलं नीतिसूत्रे हे पुस्तक वाचतो, अध्याय 31 आहेत म्हणून ज्या तारखेला जो अध्याय येईल तो, आणि एकदा मी काउंटरवर आवाज चढवणार इतक्यात लेक कानाशी म्हणाली, "आई, आज 15 तारीख." पंधराव्याची सुरुवातच मृदू उत्तराने राग शमतो अशी आहे, सकाळी तिनेच वाचलेलं. मला हसूच आलं, क्लार्कना वाटलं मी त्यांना हसले, त्या दिवशीही दाखला नाहीच. पण येताना रिक्षात आम्ही दोघी जेवढं बोललो तेवढं ती शाळेत असताना आठवडाभरात बोलायची नाही, घरी आली की "बरं" आणि खोलीचं दार बंद.

आता सुटलं कसं ते सांगते. एनआयओएसला दहावीसाठी दाखला नसला तरी स्वतःचं डिक्लरेशन चालतं, की मी या कोर्सपुरतं शिकलेय म्हणून. त्यामुळे आधी तिथे ऑनलाइन अ‍ॅडमिशन घ्या, मग त्याची प्रिंट घेऊन शाळेत जा. मी उगाच उलटं करत बसले होते, पण हे कोणी सांगेल तर ना! प्रिंट बघितल्यावर क्लार्कच म्हणाले, हे आधी का नाही आणलंत. दाखल्यावर कारण काय लिहिलं? "पालकांच्या विनंतीवरून." एवढ्या दोन शब्दांसाठी अख्खा उन्हाळा गेला.

हां, नावाचं राहिलं. आपल्या मुलांची नावं बायबलमधली, आधारवर एक स्पेलिंग आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला दुसरंच असतं, तर फॉर्म भरायच्या आधी ते बघून घ्या. विषय कमीत कमी 5 लागतात, त्यात एक भाषा पाहिजेच, आम्ही मराठी घेतली. अ‍ॅडमिशन 5 वर्षं चालते आणि परीक्षेच्या 9 संधी मिळतात, त्यामुळे सगळे विषय एकदम देऊन पोरांना पिळू नका, बायबलपण म्हणतं ना की बापांनी मुलांना चिरडीला आणू नये, ते आयांनाही लागू आहे.

ज्यांना एसएससी बोर्डच पाहिजे त्यांना शाळेत न जाता बाहेरून परीक्षा द्यायला 17 नंबरचा फॉर्म आहे, पण त्याला मूळ दाखला मागतात, म्हणजे ऑफिसची ती वारी चुकत नाही. आणि शाळेत अर्ज देताना दोन कॉप्या न्या, एकीवर तारीख घालून पोचचा शिक्का मारून घ्या. तोंडी "देतो हो" यावर अजिबात परत फिरू नका.