तुम्ही विचारलंत म्हणून: हे हिरवे दगड इथलेच का?

ऐरोलीत आमच्या घरी येणारे बहुतेक जण काचेच्या कपाटापुढे थांबतात आणि विचारतात, "हे हिरवे दगड पारसिकच्या डोंगरातले का हो?"

नाहीत. पारसिकचा डोंगर बेसाल्टचा, थिजलेल्या लाव्ह्याचा. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांतही हिरवे स्फटिक सापडतात, पण तो रंग या कपाटातल्या दगडांसारखा तांब्याचा नसतो. मुंबईच्या जुन्या खाणींतलं प्रेहनाइट हिरवं दिसतं ते लोहामुळे, पुण्याकडचं हिरवं अपोफिलाइट व्हॅनेडियममुळे. तेही सुंदरच, ते पाहायचं तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय जरूर गाठा.

मला ओढ आहे ती तांब्याच्या हिरव्याची. जमिनीखालच्या तांब्याच्या धातुकापर्यंत, म्हणजे तांबं असलेल्या कच्च्या खनिजापर्यंत, हवा आणि पाणी झिरपलं की तांबं सुटं होतं, आणि मग जे सोबतीला भेटेल त्याच्याशी जुळतं. कार्बोनेट भेटलं तर मॅलाकाइट, सल्फेट भेटलं तर ब्रोकँटाइट, क्लोराइड भेटलं तर अ‍ॅटाकमाइट, सिलिका भेटली तर कधीकधी डायोप्टेज, ज्याला अठराव्या शतकात लोक पाचूच समजले होते. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेवरचा हिरवा थर मुख्यतः ब्रोकँटाइटचाच. मूळ धातू एकच, पण या चौघांतला एकही हिरवा दुसऱ्यासारखा नाही. कपाटात ते शेजारी शेजारी मांडलेत ते त्यासाठीच.

मॅलाकाइट बरंचसं काँगोच्या कटांगा भागातून येतं. आपल्या देशात तांब्याच्या मुख्य खाणी म्हणजे राजस्थानातली खेत्री आणि मध्य प्रदेशातली मलांजखंड. बाजारात गुळगुळीत पॉलिश केलेले गोळे भरपूर मिळतात. मी मात्र मूळ खडकाला चिकटलेला, द्राक्षाच्या घडासारखा फुगीर तुकडाच घेते. पॉलिशमध्ये पट्टे उठून दिसतात, पण तो दगड कशावर वाढला हे कळत नाही. हातात हलका लागला, पट्टे सगळे एकाच जाडीचे दिसले, तर तो बहुधा रेझिनचा. खरं मॅलाकाइट पाण्याच्या जवळजवळ चौपट जड असतं.

एक कळकळीची विनंती. तांब्याचं आहे म्हणून त्याला चिंच-लिंबू लावून घासायचा सल्ला मला फार जण देतात. कृपा करून तसं करू नका. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं, कारण आंबट पदार्थात तांबं उतरतं. मॅलाकाइट तर त्याहून लवकर विरघळतं. धूळ मऊ ब्रशने झटका, बस्स. दगड घरी कापू-घासू नका, त्याची पूड श्वासात जाणं घातक आहे. पाण्याच्या तांब्यात तर कधीच टाकू नका.

आणि विकत घेताना खाणीचं नाव विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. नामिबियातली त्सुमेबची खाण 1996 मध्ये बंद पडली. तिथला डायोप्टेज आता जुन्या संग्रहांतूनच हाती येतो, आणि चिठ्ठी हरवली तर तो त्सुमेबचा होता हे पुढच्या माणसाला कोण सांगणार?