मे महिन्यात काठोकाठ विहिरी

सकाळी तर्री-पोहा खाऊन कूलरसमोर बसलो तो चार वाजता उठलो. काम साधंच. हिंगण्याकडच्या 38 विहिरींच्या मे महिन्यातल्या पाणीपातळीचा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा करायचा. आयडीडब्ल्यू (मधल्या जागांची पातळी जवळच्या विहिरींवरून काढायची पद्धत) चालवलं, तर पडद्यावर मोजून सहा चौकोन!

हे लवकर कळलं. विहिरींचा लेअर अक्षांश-रेखांशात होता आणि पिक्सेल साइज, म्हणजे नकाशातल्या एका चौकोनाची बाजू, 0.1 तशीच राहिलेली. 0.1 अंश म्हणजे जवळपास 11 किलोमीटर. लेअर यूटीएम 44 उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत नेला, पिक्सेल 100 मीटर केला.

आता नकाशा देखणा आला, पण तीन ठिकाणी गर्द निळी वर्तुळं. पाणी थेट जमिनीलगत! मे महिन्यात, राजेहो! शेजारच्या विहिरींत ते 11-12 मीटर खोलवर. पॉवर (जवळच्या विहिरीला किती जास्त वजन द्यायचं तो आकडा) 2 ची 3 केली, तर निळं आणखीनच पसरलं. तासभर उगाच सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या.

मग ट्यूब पेटली. आयडीडब्ल्यू म्हणजे शेवटी सरासरीच; दिलेल्या सगळ्यात लहान आकड्याच्या खाली ते जातच नाही. म्हणजे तो शून्य माझ्याच तक्त्यात असणार. उघडून पाहिलं. मोजणाऱ्या पोरानं तीन विहिरींपुढे इमानदारीत ‘कोरडी’ लिहिलं होतं. रकाना आकड्यांचा हवा म्हणून त्याचा 0 मीच करून ठेवला होता. खोली 0, म्हणजे पाणी काठाला.

तिन्ही गाळल्या, तर आता शेजाऱ्यांच्या सरासरीनं तिथंही 11 मीटरवर पाणी दिसतंय. तेही खोटंच; कोरडी म्हणजे पाणी तळाच्याही खाली. उद्या पोराला फोन लावून त्या विहिरींच्या तळाची खोली विचारतो.